विश्रामचे मोंबाशातले हाल

सुमतीबाई प्रधानांच्या घरात एक नियम होता. सुख बोलून दाखवायचं नाही. ताप उतरला तरी ‘आहे बरा जरासा’ म्हणायचं, परीक्षेत पहिला नंबर आला तर ‘झालो पास’ म्हणायचं. चांगलं झालं असं तोंडाने म्हटलं की दृष्ट लागलीच, अशी बाईंची ठाम समजूत. विश्राम याच तालमीत वाढलेला. मोंबाशाला बंदरावरच्या एका कंपनीत कारकून म्हणून गेल्यावर त्याने घरी जे कळवलं ते सगळं एकाच सुरात. चाललंय, रेटतोय, दिवस ढकलतोय.

आता आपणच शिकवलेली भाषा आपल्याला कळायला नको का? पण आईच्या काळजापुढे कोणाची अक्कल चालते! पोरगा तिकडे हालात आहे, असं बाईंनी धरून ठेवलं. तीन वर्षांनी, चोपन्नच्या हिवाळ्यात, तो रजेवर ठाण्याला आला तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली. गेला होता गोरा आणि काडीपहिलवान, आला तो काळा पडून आणि हे एवढे खांदे घेऊन. कारकुनाला कसले आलेत खांदे? मेला साहेब भर उन्हात ओझी उचलायला लावत असणार. विश्राम म्हणाला, तसं काही नाही. पण ते त्याने इतक्या पडेल आवाजात म्हटलं की बाईंनी पदराने डोळे टिपले.

डोळे टिपून गप्प बसणाऱ्यांतल्या बाई नव्हेत. त्यांचा भाऊ डोंबिवलीला राहायचा आणि ठाण्यातच टेंभी नाक्याजवळच्या एका बड्या वकिलांकडे हेडक्लार्क होता. बाईंनी त्याच्यामागे भुणभुण लावली, आणि रविवारी सगळे त्याच्याकडे जेवायला गेले तेव्हा भाऊमामांनी पहिल्या भातावरच ती बातमी वाढली. वकीलसाहेबांनी जागा ठेवली आहे. उद्या सोमवारी सकाळी विश्रामने येऊन रुजू व्हायचं. मामांनी साहेबांना सांगितलं होतं की भाचा परमुलखात गुरासारखा राबतोय, त्याला सोडवा. मामी म्हणाल्या, सुटलास हो बाबा एकदाचा. बाईंचा चेहरा तर असा फुलला होता की विश्रामला वर बघवेना. त्याने मान खाली घातली आणि तळलेला बोंबील उगाच चिवडत राहिला. पोराला गहिवरून आलं, असं सगळ्यांना वाटलं.

गहिवर कसला! त्याला परत जायचं होतं. बोटीचं तिकीट ट्रंकेत होतं. घरी आईजवळ धाकटी बहीण चित्रा होती, शाळेत शिकवत होती, म्हणजे आई एकटी पडत होती असंही नाही. पण जिने नवऱ्यामागे शिवणकाम करून आपल्याला वाढवलं, तिला ‘मी तुझ्यापासून लांब सुखात आहे’ हे कोणत्या तोंडाने सांगायचं? गाडीत बसून ठाण्याला येईपर्यंत त्याने मनात शंभर वाक्यं जुळवली आणि सगळी गिळली.

दिवेलागणीला बाई खोबरेल तेलाची वाटी घेऊन आल्या. त्याला पाटावर बसवून खांद्यांना तेल चोळू लागल्या. म्हणाल्या, उद्यापासून आराम हो या खांद्यांना. आणि दुखेल म्हणून हात अगदी हलका केला.

त्या हाताने विश्रामचा धीर सुटला.

“आई, हे खांदे पोहून झालेत,” तो म्हणाला.

बाईंचा हात थांबला. मग मात्र त्याला आवरेना. शनिवारी दुपारी ऑफिस सुटलं की चौघेजण एका खटारा मोटारीत बसतो, म्हणाला. एक फिडल वाजवणारा गोव्याचा, दोन गुजराथी आणि मी. मोटार चढावर बंद पडते, मग ढकलायची. किनाऱ्यावर पाणी कोमट असतं, मी पार प्रवाळाच्या खडकापर्यंत पोहत जातो. तिथे मोगो नावाचा कंद निखाऱ्यावर भाजून देतात, वर लिंबू नि तिखट. रात्री वाळूतच झोपतो. एरवी संध्याकाळी जुन्या किल्ल्यापाशी फिरायला, नाहीतर क्रिकेट. पिठलं मीच करतो, गुजराथी मागून मागून खातात.

“साहेब बरा आहे, आई. मी सुखात आहे.”

त्या घरात हे वाक्य कोणी पहिल्यांदाच उच्चारलं असेल. बाई उठल्या. आता रडणार की बोलणार, विश्रामला कळेना. त्यांनी दारापर्यंत जाऊन बाहेर कोणी शेजारीण नाही ना ते पाहिलं, दार लोटलं, कडी घातली आणि त्याच्यासमोर येऊन बसल्या.

“हळू बोल,” त्या म्हणाल्या. “आणि ती मोटार कोण चालवतं? तू तर नाही ना?”

तो सांगत गेला. बाई मोगोपासून गोवेकराच्या फिडलपर्यंत एकेक गोष्ट खोदून विचारत गेल्या. मध्येच त्यांनी त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. “माझा इथे घास उतरत नव्हता रे, आणि तू तिथे समुद्रात डुंबत होतास!” आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की चित्रा चुलीपुढून उठून बघायला आली. विश्रामही हसला. छातीवरचा धोंडा कोणी उचलून बाजूला ठेवावा तसं त्याला हलकं वाटलं.

भाऊला काय सांगायचं ते मी बघते, बाई म्हणाल्या. खरं मात्र चार माणसांत बोलायचं नाही.

सोमवारी सकाळी माय-लेक वकिलांच्या ऑफिसच्या पायरीशी उभे राहिले. मामा बाहेर आले तशी बाईंनी आवाज अगदी पडेल केला. “काय करायचं रे भाऊ, करारात अडकलाय. परत जावंच लागतंय. भोग असतात एकेकाचे.”

मामा हळहळले. त्यांनी विश्रामच्या खांद्यावर हात ठेवला आणि बहिणीला म्हणाले, रडू नकोस सुमे, निघतील हेही दिवस.

विश्रामने चमकून आईकडे पाहिलं. सोंग छान वठलं होतं. डोळ्यांतलं पाणी तेवढं सोंगातलं नव्हतं, आणि ते पुसायचीही बाईंना शुद्ध नव्हती.