कौसल्येची जास्वंद

कौसल्येला मूल नव्हतं. होती ती एक जास्वंद. इंदापूरहून माहेरची फांदी आणून तिनं ती रॉकेलच्या डब्यात लावली होती. नवरा रामहरी बारामतीजवळच्या साखर कारखान्यात फिटरच्या हाताखाली कामाला, राहायला तिथलीच एक खोली. डबा दिवसा खिडकीत, थंडीत चुलीजवळ. पानं ओल्या फडक्यानं पुसायची, मावा पडला की तंबाखूचं पाणी शिंपडायचं, मुळाशी कारखान्याची मळी घालायची. "माझ्यापरीस तिचेच लाड चाललेत," रामहरी म्हणायचा, आणि ते खरंही होतं.

महिन्याचे चार दिवस मात्र कौसल्या बाजूला बसायची. अशा बाईची सावली पडली की फुलझाड जळतं, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. त्या दिवसांत डबा रामहरी बाहेर ओट्यावर ठेवी, पाणीही तोच घाली.

कार्तिकात ती न्हाऊन उठली, तर डबाच नाही.

"जळालं ते झाड," रामहरी खाली बघत म्हणाला. "तुझी सावली पडली आसंल. डब्यासकट कालव्यात सोडून दिलं."

कौसल्येनं वाद घातला नाही. तिनं दारच्या तुळशीला पाणी घालणंही सोडलं. शेजारच्या फुलाबाईचं तान्हं पोर रडून लाल झालं तरी ही आपली हात पदराखाली धरून बसलेली.

संक्रांतीला कारखान्याच्या थोरल्या साहेबांच्या बंगल्यावर हळदीकुंकू होतं. बैठकीच्या खिडकीत जास्वंद उभी, चांगली तांबड्या फुलांनी भरलेली. डबा रॉकेलचाच. खोड ज्या चिंधीनं काठीला बांधलेलं, ती कौसल्येच्याच हिरव्या लुगड्याची.

"तुमच्या रामहरीनंच आणून दिली की दिवाळीनंतर," बाईसाहेब हौसेनं म्हणाल्या. "फार गुणाचा माणूस. साहेब त्याला फिटर करणार आहेत."

गुणाचाच म्हणायचा. कौसल्या वाण न घेताच निघाली. आपल्याच माणसानं आपल्याला फसवलं, हे मनात घोळवत ती तडक खोलीवर आली.

रामहरी जेवत होता. तिनं बघितलेलं सांगितलं.

"सांगितलं आसतं तर दिलं आसतंस व्हय तू?"

"दिलं आसतं," कौसल्या म्हणाली. "रडले आसते, पर दिलं आसतं. तुमी माझ्या सावलीवर घातलंत. तवापासनं मला वाटतंय, माझ्या पोटी पोर ऱ्हात न्हाय ते बी माझ्याच पापानं. मी रोज सोताला शिव्या देत हुते, आन् तुमी समोर बसून भाकरी खात हुता."

रामहरीनं मान खाली घालून ताट पुढं सरकवलं. कौसल्येनं ते उचललं नाही.