एकाच पंगतीचा केक

साळुबाई गेले दोन महिने सगळ्यांच्या आधी जेवून घेत होती. बारा वाजले की एकटीच स्वयंपाकघरात बसायची, भाकरी-कालवण उरकायची आणि घरातली बाकीची माणसं ताटावर बसली की गोठ्याकडं काहीतरी काम काढून निघून जायची. कुणी विचारलं तर म्हणायची, मला आताशा लवकर भूक लागते. आळे गावातल्या त्या घरात चाळीस वर्षं जिनं सगळ्यांची पानं उठल्याशिवाय स्वतःचं ताट घेतलं नाही, तिला आत्ताच कुठून लवकर भूक लागायला लागली, हे न कळण्याइतकी तिची सून वृषाली भोळी नव्हती. शिवाय यात आपला हात आहे हेही तिला ठाऊक होतं, आणि तेच जास्त टोचत होतं.

साळुबाई ही आणे गावची लेक. ज्या गावच्या यात्रेला हजारो माणसं मांडीला मांडी लावून बसतात आणि एकच आमटी-भाकरी खातात, त्या गावात वाढलेली. जगात पापं पुष्कळ असतील, पण तिच्या लेखी सगळ्यात मोठं पाप एकच, पंक्तिप्रपंच. एका ओळीत बसलेल्या माणसांत एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं वाढायचं, हे तिला खपत नसे. लग्नात पुढाऱ्याच्या पानात दोन जिलब्या आणि गड्याच्या पानात एक पडली, तर ही बाई भर मांडवात वाढप्याचा हात धरायची. तिच्या घरच्या कार्याला वाढायला जायचं म्हटलं की भावकीतली पोरं आधी पळवाट शोधायची.

अशा बाईला दिवाळीनंतर साखरेचा आजार निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, गोड जवळजवळ बंदच करा, सणावाराला मोह झालाच तर बोटभर. वृषाली घरच्या घरी केक आणि बिस्किटं करून विकायची. आळेफाट्यापर्यंत तिच्या ऑर्डरी जायच्या. तिला वाटलं, यात काय अवघड आहे, साखर काढायची आणि गूळ घालायचा. अख्ख्या जुन्नर तालुक्याची हीच समजूत आहे की साखर तेवढी वाईट, गूळ म्हणजे औषध. सासरे सावळाराम यांनी तर छातीठोकपणे सांगितलं की गुळानं आजवर एक माणूस आजारी पडलेला त्यांनी पाहिलेला नाही. केक झाला पण नामी. तांबूस रंग, घरभर काकवीचा वास. साळुबाईनं सगळ्यांबरोबर बसून चांगले दोन तुकडे खाल्ले. दोन तासांनी तिच्या लेकानं, सुदर्शननं, यंत्रावर रक्ताचा थेंब धरला, तर आकडा तीनशेच्या घरात.

सुदर्शन चिडला नाही, घाबरला, आणि घाबरलेली माणसं करतात तेच त्यानं केलं. नारायणगावाहून बिनसाखरेच्या बिस्किटांचा डबा आणला आणि त्यावर पेनानं मोठ्या अक्षरांत 'आई' असं लिहिलं. संध्याकाळी चहाला सगळ्यांच्या बशीत वृषालीची नानकटाई आली आणि साळुबाईच्या बशीत त्या डब्यातली दोन पांढुरकी बिस्किटं. तिनं एकदा स्वतःच्या बशीकडं पाहिलं, एकदा बाकीच्यांच्या, आणि ती उठली. दुसऱ्या दिवसापासून तिला लवकर भूक लागायला लागली.

आता वृषालीला लहानपणापासून एक खोड होती. एखादी गोष्ट बिघडली की ती टाकून द्यायची नाही, का बिघडली ते शोधत बसायचं. माहेरी महाळुंगे पडवळला तिच्या आईनं या खोडीपायी कपाळावर हात मारून घेतला होता. गुळाच्या त्या फजितीनंतर तिच्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला की केकमध्ये साखर नेमकी करते तरी काय? नुसतं गोड करायचं एवढंच काम असेल, तर निम्मी काढली म्हणून केकनं रुसायचं कारण काय?

तिनं निम्मी साखर घालून केक केला. तो पांढराफटक निघाला, वर रंग म्हणून नाही, आणि घास घशाखाली उतरायला पाणी लागलं. म्हणजे ही साखर केकातलं पाणीसुद्धा धरून ठेवते आणि वरून रंगही देते. एका पगारात तीन नोकऱ्या करणारी बाई निघाली की ही, असं वृषालीला वाटलं आणि तिला साखरेबद्दल उगीच थोडा आदर वाटला. मग तिनं लोणी निम्मं केलं. त्या दिवशीचा केक रबरासारखा ताणला जात होता. लोणी नसलं की पीठ मळलेल्या कणकेसारखं चिवट होतं, हे तिनं वहीत लिहून ठेवलं. वहीत पाककृती कमी आणि प्रश्नच जास्त होते.

हे सगळे बिघडलेले केक खायचं काम सावळाराम इमानेइतबारे करत होते. मी जिवंत असेपर्यंत तुझं काही वाया जाणार नाही, असा त्यांनी सुनेला शब्दच दिला होता. चवीबद्दल विचारलं तर त्यांचं एकच उत्तर असायचं, झ्याक. अशा परीक्षकाचा तसा काही उपयोग नव्हता.

लोण्याच्या जागी काय घालावं याचा विचार करता करता तिची नजर माळ्यावरच्या लाल भोपळ्याकडं गेली. तो वाफवून, कुस्करून तिनं घातला. केक फुगला, भट्टीबाहेर काढला आणि डोळ्यांदेखत बसला. आत चिकट, हलव्यासारखा. सलग तीन वेळा हेच झालं. चौथ्या वेळी ती ओट्यापाशी हात कमरेवर ठेवून त्या बसक्या गोळ्याकडं बघत उभी असताना दारातून आवाज आला.

"चक्का टांगतीस तसा टांग की त्यो भोपळा. पाणी किती हाय त्यात."

साळुबाई दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. बाईच्या जिवाला राहवत नव्हतं हे उघड होतं. चाळीस वर्षं चुलीपुढं काढलेली बाई, समोर एखादा पदार्थ बिघडत असताना ती गप्प कशी बसेल? वृषालीनं भोपळ्याचा गर फडक्यात बांधून खुंटीला टांगला. दोन तासांत खालच्या वाटीत पिवळं पाणी जमलं आणि फडक्यात घट्ट गोळा राहिला. त्यात थोडं दही, निम्म्या मैद्याऐवजी गव्हाचं पीठ, साखर नेहमीच्या एक तृतीयांश. वर वेलची आणि जायफळ जरा सढळ हातानं, कारण या दोघांच्या वासानं जीभ फसते आणि आहे त्यापेक्षा जास्त गोड समजते, हा शोध तिला तोवर लागला होता. या वेळी केक फुगला तो फुगलेलाच राहिला. मऊ, पिवळसर, कापताना सुरीला न चिकटणारा.

वृषालीनं एक लहान तुकडा बशीत घालून सासूपुढं धरला. साळुबाईनं बशीला हात लावला नाही.

"माझ्या एकटीसाठी केलाय ना?" ती म्हणाली. "मंग नको. ज्या दिशी समद्यांच्या ताटात ह्योच घालशील, त्या दिशी मी येऊन बसते."

वृषालीनं शब्द दिला. पुढच्याच रविवारी तिच्या लेकीचा, संस्कृतीचा, सहावा वाढदिवस होता. दुपारी घरचीच माणसं जेवायला असणार होती, आणि साळुबाईचा धाकटा भाऊ गेणभाऊ आण्याहून येणार होता. एकच केक, सगळ्यांना सारखा, बोटभर. सासूला ती आत्या म्हणायची. दोन महिन्यांनी आत्या पंगतीला बसणार या विचारानंच तिला शनिवारभर काही सुचत नव्हतं.

रविवारी साळुबाई इस्तरीचं लुगडं नेसून बाहेरच्या खोलीत आली. सतरंजी अंथरलेली होती, मधे पाटावर वृषालीचा केक होता आणि त्याच्या शेजारी एक मोठं चकचकीत खोकं होतं. सुदर्शननं सकाळी फाट्यावरच्या बेकरीतून क्रीमचा केक आणला होता, गुलाबाची फुलं काढलेला. बायकोला त्यानं विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर नको म्हणाली असती, एवढं त्याला कळत होतं.

"मामा येणार," तो वृषालीला हळू आवाजात सांगू लागला. मामाला आईच्या घरी चार-चार लाडू लागतात, त्याच्या पुढ्यात भोपळा कसा ठेवायचा, लोक काय म्हणतील, असं त्याचं चाललं होतं. मग आईकडं वळून तो म्हणाला, "आई, ह्यो तुझा आन् ह्यो पावण्यांचा. दोन्ही केलंय, काय अडचण न्हाई."

साळुबाई खोक्याकडं बघत उभी राहिली. मग तिनं सुनेकडं पाहिलं. रागानं नाही, नुसतंच पाहिलं, आणि वृषालीला ते रागापेक्षा जड गेलं.

"तू म्हणली व्हतीस," साळुबाई म्हणाली आणि गोठ्याच्या बाजूला वळली.

नवऱ्याचं तोंड पडेल, मामा नाक मुरडतील, पाहुण्याला कमी गोड घातलं म्हणून आण्यापर्यंत बोभाटा होईल, हे सगळं वृषालीला दिसत होतं. पण आत्या आज त्या दारातून बाहेर गेली तर परत या सतरंजीवर येणार नाही, हे त्याहून स्वच्छ दिसत होतं. तिनं खोक्याचं झाकण लावलं, ते उचलून सुदर्शनच्या हातात दिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हा आत ठेवा. आज माझ्या पोरीच्या वाढदिवसाला ह्यो एकच केक. समद्यांना."

सुदर्शन खोकं घेऊन आत गेला. साळुबाई उंबऱ्यापाशी थांबली होती. गेणभाऊ येऊन सतरंजीवर बसले, तशी ती परत आली आणि ओळीच्या टोकाला, भावाच्या शेजारची जागा सोडून, बसली. संस्कृतीनं केक कापला. वृषालीनं सगळ्यांच्या ताटात बोटभर रुंदीचा तुकडा घातला, सासूच्या ताटातही तेवढाच.

पण साळुबाईनं आपला तुकडा उचलला नाही. ती भाऊ काय करतो ते बघत होती, आणि खरं तर सगळेच बघत होते. गेणभाऊंनी एक घास खाल्ला, सावकाश. दुसरा खाल्ला. सुदर्शनला राहवेना, गोड कमी वाटत असेल तर आतला दुसरा केक आणू का, असं त्यानं विचारलं.

"यात साखर किती गं?" गेणभाऊंनी वृषालीला विचारलं.

तिनं खरं ते सांगितलं. नेहमीच्या एक तृतीयांश, आणि बाकी भोपळा. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि ताटातला उरलेला चुरासुद्धा बोटानं टिपून खाल्ला. मग बहिणीकडं न बघता ते म्हणाले, "आक्का, मला साखर हाय. चार वरसं झाली."

संस्कृतीनं चाटत असलेलं बोट खाली घेतलं.

"आन् भाऊबिजेला?" साळुबाईनं विचारलं. "मी लाडू घालत व्हते तवा?"

"तू घालायचीस, मी खायचो. मंग घरी जाऊन दोन दिस आडवा."

"आरं, नको म्हणायचं."

"तुझ्या पंगतीत नको म्हणायची सोय व्हती का कदी?" गेणभाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. बहिणीची थट्टा करावी तसं ते बोलले, आणि म्हणूनच ते तिला जाऊन लागलं.

साळुबाईचा चेहरा उतरला. सगळ्यांना सारखं, सगळ्यांना सारखं, असं जन्मभर ओरडत तिनं ताटं भरली होती. कुणाला काय हवं, हे एकदाही विचारलं नव्हतं. पोटच्या लेकानं डब्यावर नाव घातलं तर तिला दोन महिने घास गोड लागला नाही, आणि पाठचा भाऊ चार वर्षं तिच्या हातचं विष मुकाट गिळत होता. तिला रडू आलं आणि ते तिनं लपवलं नाही.

मग पदरानं डोळे पुसून ती उठली. पाटावरचा एक तुकडा तिनं बोटांत धरला आणि सवयीनं हात भावाच्या ताटावर नेला. तिथं तो थांबला.

"वाढू का?" तिनं विचारलं.

गेणभाऊंनी वर पाहिलं. उभ्या जन्मात हा प्रश्न त्यांनी तिच्या तोंडून ऐकला नव्हता. त्यांनी ताटावर आडवा हात धरला. "नको आक्का. पुरं झालं."

साळुबाईनं तो तुकडा परत केकाशेजारी ठेवला. मग ती भावाच्या बाजूला सरकून बसली आणि तिनं आपल्या ताटातला तुकडा खायला घेतला.