उशिरा दाखवलेली उडी

मित्रांनो, मी एक जुना कन्व्हर्टर आहे. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, काळा प्लास्टिकचा डबा. जुन्या व्हिडिओ गेमचं चित्र नव्या टीव्हीवर दाखवणं, एवढंच माझं काम. ते मी केलं, पण वाईट केलं.

एका घड्याळजींच्या मुलीने मला विकत आणलं. लहानपणी ती आणि तिचे बाबा खारीचा व्हिडिओ गेम खेळायचे. खार या फांदीवरून त्या फांदीवर उडी मारते, तो खेळ. बाबांची खार कधी पडत नसे. माळा आवरताना तिला त्या खेळाचं जुनं यंत्र सापडलं. पण नव्या टीव्हीला त्याची लाल, पांढरी, पिवळी वायर लावायला जागाच नव्हती, म्हणून मी मध्ये आलो.

चित्र दिसलं. खार ताणून मुंगसाएवढी लांब झाली होती, कडा पुसट झाल्या होत्या. तरी दोघं खूश झाले. मग बाबांनी बटण दाबलं आणि खार खाली पडली. पुन्हा पडली. दहा वेळा खेळले, दहाही वेळा पडली.

"बाबा, जरा लवकर दाबा ना," मुलगी म्हणाली.

"वेळेवरच दाबतोय गं."

ते खरं बोलत होते. चित्र बदलायला मला वेळ लागायचा. बाबांना फांदी दिसायची तोवर यंत्रात खार तिथून पुढे गेलेली असायची. मला हे ठाऊक होतं, पण बोलायला मला तोंड नव्हतं.

बाबा आपल्या बोटांकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी ते मुलीला म्हणाले, "हात मंदावलाय. लोकांची घड्याळं बिघडवण्यापेक्षा थांबलेलं बरं." महिन्याभरात त्यांनी दुकानाचा गाळा सोडला, हत्यारं शिष्याला देऊन टाकली. मी टीव्हीमागे लोंबकळत सगळं ऐकत होतो.

पुढे टीव्हीचा आवाज गेला, म्हणून दुरुस्तीवाल्या बाई आल्या. आवाज ठीक करून त्यांनी तपासायला खेळ लावला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. गाडीतून त्यांनी एक जुना जाडजूड टीव्ही आणला, ज्याला ती तीनरंगी वायर माझ्याशिवाय थेट लागते, वायरीला फाटा काढून दोन्ही टीव्ही शेजारी शेजारी लावले. बटण दाबलं. जुन्या टीव्हीवर खार आधी उडाली, नव्यावर मागाहून.

"काका, हात तुमचा उशिरा चालत नाही. हा डबा उशिरा दाखवतो."

बाबा जुन्या टीव्हीपुढे बसले. खार एकदाही पडली नाही. मुलीने तोंड फिरवून डोळे पुसले.

बाईंनी माझ्या जागी चांगला कन्व्हर्टर बसवला, चित्र लवकर दाखवणारी टीव्हीची गेमची सेटिंग चालू केली. खार पुन्हा खारीएवढी झाली. शिष्याने भिंग आणि चिमटे परत आणून दिले. गाळ्यात मात्र तोवर दुसरं दुकान थाटलं होतं. आता बाबा खिडकीपाशी जेवणाच्या टेबलावर घड्याळं उघडतात.

मित्रांनो, कुणी चुकलं असं वाटलं, तर त्याच्या हाताला बोल लावण्याआधी मधल्या वायरी आणि डबे एकदा तपासा. आणि आमच्यासारख्यांना नीट पारखून घरात आणा.

त्या दिवशी मुलगी मला कचऱ्यात टाकायला निघाली होती. बाबांनी मला तिच्या हातातून घेतलं.

"राहू दे," ते म्हणाले, "त्याला जमलं तेवढं केलं त्यानं." आणि खणात ठेवलं.

ते रागावले असते, तर मला बरं वाटलं असतं.