कान दिसल्याशिवाय नाही

घाबरू नका, मित्रांनो. माझ्या पोटात आत्ता काडतूस नाही. काडतूस आत सरकवणारा बोल्ट उघडा आहे, नळी रिकामी आहे, आणि असिलकानच्या घराच्या बाहेरच्या थंड खोलीत, नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, पिशवीत मी निवांत पडले आहे. मी एक म्हातारी रायफल. वय विचारू नका. नळीवरचा आकडा घासून पुसट झालाय, आणि ते बरंच झालं.

माझी नळी दूर उत्तरेला, बर्फातल्या एका कारखान्यात कोरली गेली. तिथं जाड चष्म्याची एक बाई प्रत्येक नळीत डोकावून बघायची. जरा वाकडी दिसली की भंगारात. माझ्यात तिनं एकदा पाहिलं, मग खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिलं. मला वाटलं, झालं, संपलं माझं! पण ती म्हणाली, "ही निशाणबाजीला पाठवा." तेवढं एक वाक्य मी आयुष्यभर जपून ठेवलंय. म्हातारपणी माणसं काय काय जपतात, मी एक वाक्य जपलं तर काय बिघडलं?

तिथून मी किर्गिझांच्या राजधानीतल्या नेमबाजी मंडळात आले. काय लाड होते माझे! मऊ फडकं, ताजं तेल, थंडीत वेगळं, उन्हाळ्यात वेगळं. माझ्यासमोर कागदाचे गोल असायचे, रक्तामांसाचं काही नसायचं. मुली माझ्या लाकडी दस्त्याला गाल टेकवून श्वास रोखायच्या आणि गोल फुटला की मागं वळून टाळ्या वाजवायच्या. मग देश मोडला, मंडळ बंद पडलं, आणि त्या जागी कपाटं आणि पलंग विकायला ठेवले. मला एका पेटीत घालून तळघरात टाकलं. उंदरांनी पट्टा खाल्ला, दस्त्याला चीर गेली, बोल्टवर गंज चढला. कोणी विचारलं नाही. खरं सांगते, मित्रांनो, गोळी झाडताना जेवढा धक्का बसत नाही तेवढा त्या अंधारात बसला.

पुढं बंदुकांच्या एका दुकानदारानं ती पेटी उचलली. त्यानं मला घासलं, अक्रोडाचा नवा दस्ता बसवला, साधीशी दुर्बीण लावली आणि सगळ्यात मागच्या फळीवर उभं केलं. पुढच्या फळीवर नव्या, काळ्याकुळकुळीत, लांबलचक रायफली होत्या. गिऱ्हाईक यायचं, त्यांच्यावर हात फिरवायचं, मोठमोठ्या बाता मारायचं आणि जायचं. माझ्याकडं बघायला कोणाला वेळ नव्हता.

एका संध्याकाळी असिलकान आली. सोबत तिचा दीर मेलिस होता. मेलिस राजधानीत टॅक्सी चालवायचा आणि आपल्याला जगातलं सगळं कळतं अशा थाटात बोलायचा.

असिलकानचा नवरा ओमुरझाक नारिन शहराच्या वर, डोंगरातल्या गावाचा कळप राखायचा. अख्ख्या गावाची मेंढरं हिवाळाभर त्याच्याकडं. पानगळीत त्याचा घोडा बर्फावर घसरला आणि ओमुरझाकचा पाय मोडला. कळप असिलकानवर आला, आणि जणू वास लागल्यासारखा लांडगाही आला. मेंढरं जायला लागली. गावच्या बैठकीत कालमात आके उठला आणि म्हणाला, "बाईच्या हाती कळप म्हणजे लांडग्याला आवतण. अजून एक मेंढरू गेलं की कळप काढून घ्या!" कालमात गावातला वडीलधारा, म्हणून सगळे त्याला मानानं 'आके' म्हणायचे. बाकीच्यांनी माना डोलावल्या. कळप गेला की असिलकान आणि ओमुरझाकचं घर, चूल, हिवाळ्याचं धान्य, सगळं गेलं. असिलकानला तिच्या बापानं शिकार शिकवली होती, परवानाही होता, पण बापाची बंदूक केव्हाच विकून झाली होती. म्हणून ती आली होती.

"वहिनी, ही बघ ही!" मेलिसनं पुढची लांबलचक रायफल उचलली. "पलीकडच्या डोंगरावरचा बोकड पाडते म्हणे!"

"पलीकडच्या डोंगरावर माझं काय काम? माझी मेंढरं अलीकडं आहेत."

"अगं, पण ताकद बघ हिची!"

"ताकद बघितली. काडतुसं कुठं मिळतात हिची?"

दुकानदार घुटमळला. "मागवावी लागतात. बाहेरून."

"म्हणजे लांडग्याला सांगू का, थांब बाबा, पार्सल यायचंय?"

मी मागच्या फळीवर हसले असते, पण आम्हाला हसता येत नाही. मग असिलकाननं खिशातला मेंढीच्या कातड्याचा जाड हातमोजा काढून घातला आणि एकेका रायफलीचा बोल्ट ओढून पाहायला लागली. काहींच्या बोल्टची मूठ इतकी इवलीशी की मोज्यात सापडेचना. काहींचा दस्ता तिच्या जाड कोटावरून खांद्याला अडायचा. असं करत करत ती माझ्यापर्यंत आली. माझी मूठ मोठी, जुन्या पद्धतीची. तिच्या मोज्यात अशी बसली की मला तळघर विसरायला झालं.

"ती जड आहे हो ताई," दुकानदार म्हणाला. "नेमबाजीची नळी आहे तिची. डोंगरात घेऊन फिरणार कशी?"

"घोडा फिरवेल. हलकी बंदूक हातात नाचते." असं म्हणून ती सरळ दुकानातल्या गालिच्यावर पालथी पडली! मेलिसनं कपाळावर हात मारला. तिनं मला खांद्याला लावलं आणि रस्त्यापलीकडच्या गोदामाच्या अंधाऱ्या दारावर नेम धरला. आधी तिनं त्या नव्या रायफलीच्या मोठ्या दुर्बिणीतूनही तेच दार पाहिलं होतं. तिच्यात सगळं मोठं दिसायचं, पण काळपट आणि थरथरतं. माझी दुर्बीण लहान, पण काच स्वच्छ.

"दारात मांजर बसलंय," ती म्हणाली. "मिश्यासुद्धा दिसतात."

"आपल्याला काय मांजर मारायचंय का, वहिनी?"

"मारायचं नाही. पण मांजर आहे हे कळायला नको?"

दुकानदारानं मला फडक्यात गुंडाळायला घेतलं. मित्रांनो, इतक्या वर्षांनी कोणीतरी मला निवडलं होतं. मला किती सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू!

पण वर डोंगरात पोचल्यावर माझी चांगलीच फजिती झाली. असिलकाननं नमद्याची गुंडाळी केली, त्यावर मला टेकवलं आणि दूर दगडावर ठेवलेल्या चहाच्या डब्याच्या झाकणावर गोळी झाडली. गोळी झाकणावरून निघून गेली. दुसरीही वरूनच. भावाचा पाय बरा होईपर्यंत मदतीला वर आलेला मेलिस तर वाटच बघत होता.

"म्हातारीचे डोळे गेले! सांगत होतो, नवी घे म्हणून!"

"डोळे तिचे नाहीत, तुझे गेलेत. इथली हवा विरळ आहे. खाली जुळवलेली बंदूक इथं वर मारते. माझा बाप दर खेपेला वर आला की नव्यानं जुळवायचा."

तिनं दुर्बिणीचे खटके फिरवले, पुन्हा झाडली, पुन्हा फिरवले. हळूहळू झाकणाला भोकं पडायला लागली. ती रोज सराव करायची. थंडीत, वाऱ्यात, उताराकडं तोंड करून. आता समोर कागदाऐवजी झाकण होतं एवढंच, पण मला माझे मंडळातले दिवस परत आल्यासारखे वाटायचे. मला ती घरात चुलीपाशी कधीच नेत नसे. एकदा मेलिसनं मायेनं आत नेऊन ठेवलं, तर दुर्बिणीच्या काचेवर आणि नळीवर घाम धरला. त्या दिवशी असिलकाननं त्याला असं झापलं की तो चहा न पिताच बाहेर जाऊन बसला.

"तिला थंडी वाजत असेल म्हणून नेली गं!" तो बाहेरून म्हणाला.

"तिला नाही वाजत. तू ये आत आणि चहा पी!"

मग तो दिवस आला. सकाळी ओढ्याकाठी लांडग्याच्या पावलांचे ठसे दिसले. रात्री एक मेंढी जखमी झाली होती, पण वाचली होती. "नशीब!" ओमुरझाक अंथरुणावरून म्हणाला. "आज गेली असती तर शुक्रवारच्या बैठकीत कालमात आकेनं कळप हाकलूनच नेला असता." दुपारी असिलकाननं मला घोड्यावर बांधलं, मेलिसला सोबत घेतलं आणि ओढ्यासमोरच्या कड्यावर जाऊन आडवी झाली. खाली ओढ्यापर्यंतच्या उतारावर आर्चाची सदाहरित झुडपं होती आणि त्यांच्यामध्ये बर्फ. सूर्य कड्यामागं जाईपर्यंत काही हललं नाही.

मग लांडगा आला. उघड्या बर्फावर, मान खाली घालून, मेंढवाड्याच्या दिशेनं. असिलकान त्याला डोक्यापासून शेपटीपर्यंत बघत राहिली. त्यानं कान टवकारले. तिनं श्वास सोडला, चाप दाबला, आणि लांडगा जागीच आडवा झाला.

"अरे वा रे वा!" मेलिस उठून नाचायलाच लागला. "वहिनी, जिंकलीस! आता म्हणावं कालमात आकेला!"

"गप. खाली बस. कदाचित जोडी असेल."

दोघं थांबले. उजेड कमी होत चालला. आणि खरंच, थोड्या वेळानं खालच्या आर्चाच्या झुडपांत काहीतरी हललं. करडी पाठ. झुडपाआडून वर सरकत, थांबत, पुन्हा सरकत.

"दुसरा! दुसरा आला!" मेलिस कुजबुजला. "मार, वहिनी!"

असिलकाननं माझा बोल्ट ओढला. नवं काडतूस माझ्यात सरकलं. मित्रांनो, आता एक गोष्ट नीट ऐका. काडतूस आत गेलं की मला काही ठरवता येत नाही. बोटानं चाप दाबला की मी सुटतेच. मला नाही म्हणता येत नाही.

"कान कुठं आहेत?" असिलकान पुटपुटली.

"कान कशाला पाहिजेत? पाठ दिसतेय की ढळढळीत! लांडग्याचंच कातडं आहे ते!"

"कान दिसल्याशिवाय नाही."

"पळेल तो! उद्या मेंढी नेईल, मग बस रडत! कळप जाईल तेव्हा कानच बघत बसशील!"

तिचं बोट चापावर नव्हतं, चापाच्या बाजूला लाकडावर सरळ होतं. दुसरा लांडगा सोडला आणि उद्या मेंढी गेली तर सगळंच गेलं, हे तिच्याइतकं मेलिसलाही ठाऊक नव्हतं. तरी ती बघत राहिली. करडी पाठ झुडपातून वर आली, आणि एका आर्चाच्या फांदीला खालून कोणीतरी धरलं.

हातमोज्यानं.

असिलकाननं माझी नळी झटकन आभाळाकडं केली. त्याच क्षणी उतारावरून एक धापा टाकणारा, खणखणीत आवाज आला.

"शिराल्गा! शिराल्गा गं, असिलकान! मी पहिला!"

तो कालमात आके होता. बापाच्या वेळचा लांडग्याच्या कातड्याचा कोट घालून, खाली घोडा बांधून, हातापायांवर रांगत चढत होता! शिकार झाली की शिकाऱ्याला जो पहिला गाठून 'शिराल्गा' म्हणेल त्याला वाटा द्यायचाच, ही किर्गिझांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. ओढ्याकाठून जाताना त्यानं गोळीचा आवाज ऐकला, आणि दुसरा कोणी आधी पोचेल या भीतीनं म्हातारा आडवाटेनं उतार चढत सुटला होता.

असिलकाननं माझा बोल्ट उघडला. काडतूस बाहेर काढून तिनं ते खिशात टाकलं आणि मग बर्फावर मटकन बसून ती हमसून हमसून रडायला लागली. मेलिसचा चेहरा पांढराफटक.

कालमात वर पोचला. "अगं, रडतेस कशाला? एवढा लांडगा पाडलास आणि..." मग त्याला तिच्या मांडीवर उघड्या बोल्टची मी दिसले, मग आपला कोट दिसला. तो मेलिसकडं वळला. मेलिसनं मान खाली घातली. म्हातारा तिथंच बर्फात बसला.

"मेला असतात ना आके!" असिलकान ओरडली. "लांडग्याचं कातडं घालून रांगतं का कोणी संध्याकाळचं? वाट्यापायी जीव द्यायला निघालात? तुमच्या म्हातारीला मी काय तोंड दाखवलं असतं?"

"गोळी मारली का नाहीस मग?" त्यानं हळूच विचारलं.

"कान नव्हते!"

कालमातनं आपले कान चाचपले. टोपीखाली होते, दोन्ही. मग खाकरून, जरा ओशाळून म्हणाला, "पण... शिराल्गा तर द्यावीच लागेल. रीत आहे."

असिलकान रडता रडता हसली. डोळे पुसून तिनं उतारावर बोट दाखवलं. "घ्या. अख्खं कातडं घ्या. फक्त अंगावर घालू नका."

वाटा घेतला की देणाऱ्याला दुवा द्यायची, हीही रीतच. कालमातनं दोन्ही तळवे आभाळाकडं उघडले. "तुझ्या हाताला यश मिळो. तुझा नवरा उभा राहो. तुझा कळप..." इथं तो थांबला. मेलिसनं मान वर केली. म्हाताऱ्यानं डोळे मिटले आणि ठणकावून म्हणाला, "तुझा कळप वाढो, असिलकान. तुझ्याच हाती." आणि तळवे चेहऱ्यावरून खाली आणले. किर्गिझ माणूस उघड्या तळव्यांनी दिलेली दुवा परत घेत नाही. शुक्रवारच्या बैठकीत कळपाची गोष्ट निघालीच नाही. निघणार कशी?

तो हिवाळा पार पडला. ओमुरझाक आता काठी घेऊन हिंडतो. मी म्हातारी झाले तरी माझी नळी स्वच्छ आहे, आणि त्याबद्दल मी असिलकानची ऋणी आहे. मित्रांनो, माझ्यासारखी एखादी तुमच्या घरी असेल, तर तिला तेल द्या, फडकं द्या, थंडीतून आणून एकदम उबेत नेऊ नका, आणि निवडताना ती किती लांब मारते एवढंच विचारू नका. लांबचं तुम्हाला नीट दिसतं का, तेही विचारा. आणि जे दिसत नाही त्याच्यासमोर बोट चापापासून लांब ठेवा. कारण आम्हाला नाही म्हणता येत नाही. ते तुम्हालाच म्हणायचं असतं.

कालमात आके अजून चहाला येतो. तळलेल्या पिठाचे बोरसोक खातो, दुधाला चव नाही म्हणून कुरकुरतो, मेलिसला चार शब्द सुनावतो. पण एक बदल झालाय. ओढ्यापलीकडून येताना तो लांबूनच दोन्ही हात वर करतो आणि अख्ख्या डोंगराला ऐकू जाईल असा ओरडतो, "असिलकान! मी आहे गं, मी! कालमात!"

बाहेरच्या खोलीत, पिशवीत पडल्या पडल्या तो आवाज ऐकला की मला इतकं बरं वाटतं!