परतीचा ठोका

रविवारी उठल्या उठल्या क्लिफर्ड पेन्फोल्ड आधी चष्मा शोधायचा आणि मग खिडकीतून चर्चच्या मनोऱ्यावरचा पत्र्याचा कोंबडा बघायचा. कोंबड्याची चोच पश्चिमेकडे असली की त्याला चहासुद्धा गोड लागायचा. वारा पश्चिमेचा असला म्हणजे नेदरकोम गावच्या चर्चच्या घंटा टेकडी ओलांडून थेट विकस्टोकपर्यंत जाणार आणि बेरिलला ऐकू येणार. घंटा ऐकू आल्या तरच बेरिलला नवरा ओळखू यायचा.

दीड वर्ष झालं, बेरिल विकस्टोकच्या वृद्धाश्रमात होती. मंगळवारी आणि गुरुवारी क्लिफर्ड गेला की ती त्याला बॉयलर दुरुस्त करणारा समजायची. "बरं झालं आलात, वरच्या खोलीत फार गार पडतंय हो," असं सांगायची. तोही "बघतो हं" म्हणून रेडिएटरला हात लावून यायचा. दुसरं काय करणार? पण रविवारी साडेनऊला घंटा सुरू झाल्या की तिथली सेविका डोना तिच्यासाठी खिडकी उघडायची, आणि दहा वाजून गेल्यावर क्लिफर्ड दारात उभा राहिला की बेरिल मान न वळवताच म्हणायची, "वाजवून आलास? परतीच्या ठोक्याला आजही उशीर. बावन्न वर्षं सांगतेय मी."

"हात जड आहे गं माझा."

"हात नाही, डोकं जड आहे. बस आता. मटण ओव्हनमध्ये टाकलंय, एकला जेवू."

घरी तिचा हाच नेम होता. घंटा थांबल्या की मटण ओव्हनमध्ये, आणि एक वाजता ताटं टेबलावर. घड्याळ ती कधी बघायची नाही. वृद्धाश्रमात ओव्हन नव्हतं, पण तेवढा एक तास ती बेरिल असायची आणि तो क्लिफ असायचा. मग जेवणाची घंटी व्हायची, कुणीतरी तिला हाताला धरून न्यायचं आणि परतताना ती त्याला "तुम्ही कोण?" म्हणायची. आठवड्यातला तो एक तास क्लिफर्ड उरलेले सगळे दिवस पुरवून पुरवून वापरायचा.

नेदरकोमच्या मनोऱ्यात घंटा सहा, दोर सहा आणि दोर ओढणारी माणसं जेमतेम सहा. थोरली घंटा क्लिफर्डची. प्रत्येक फेरीला ठोके दोन. एक जाताना, एक परतताना. ज्याला कान आहे त्याला दोन मैलांवरूनही कळतं की कुठल्या दोरावर कोण आहे, आणि बेरिलला कान होता. बाकी गावात ऐकण्यासारखं राहिलंय काय? दुकान बंद झालं, शाळेच्या इमारतीत आता लंडनचं कुटुंब शनिवार-रविवार राहायला येतं, बस मंगळवारी आणि शुक्रवारी. पाच गावांत मिळून पाद्री एक, तोही घाईत असतो. शांतता हवी म्हणून लोक इथे येतात. ती मिळते, अगदी पोटभर मिळते.

आणि इथली माणसं! फार चांगली हो, पण त्यांच्या चांगुलपणाचाच कधी कधी वैताग येतो. बेरिलला नेलं त्या आठवड्यात क्लिफर्डच्या उंबऱ्यावर तीन बरण्या जॅम, सफरचंदाचा केक आणि पिशवीभर प्लम येऊन पडले. दाराची बेल मात्र एकानेही वाजवली नाही. दुःखातल्या माणसाला उगाच त्रास कशाला, असं सगळ्यांना मनापासून वाटलं. इथे एखाद्याचं घर जळत असलं तरी लोक आधी हवेबद्दल बोलतील आणि मग विचारतील, बादली आणू का, चालेल ना? क्लिफर्ड ह्याच मातीतला. वाईट बातमी समोरच्याला सांगायची म्हणजे तोही आधी हवेबद्दलच बोलायचा.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी रेजिनल्ड डॉबल आपल्या परसात शेंगा तोडता तोडता गेला. चौथ्या घंटेवर चाळीस वर्षं उभा राहिलेला माणूस. क्लिफर्ड आणि बेरिलच्या लग्नात करवला तोच होता आणि अंगठी घरी विसरून आलेलाही तोच. मंगळवारी क्लिफर्ड विकस्टोकला गेला तेव्हा बातमी ओठांवर होती. बेरिल म्हणाली, "आज गरम येतंय पाणी, थँक यू." तिचा चेहरा इतका निवांत होता की त्याने शब्द गिळले. उद्या विसरेल, मग आज रडवायचं कशाला? गुरुवारीही तो तसाच परत आला.

गावचा घंटावाला गेला की पुढच्या रविवारी घंटा अर्ध्या मुक्या करायच्या, ही इथली रीत. घंटेच्या आत ठोका देणाऱ्या प्रत्येक लोलकाला एका बाजूने कातड्याची गादी बांधतात. मग जाणारा ठोका खणखणीत येतो आणि परतीचा दबका, दूर कुठेतरी गेल्यासारखा. मुलांनासुद्धा हे माहीत असतं. तो आवाज आला की रस्त्यावर चाललेला माणूस थांबतो आणि मनात विचारतो, कोण गेलं?

शनिवारी क्लिफर्डनेच गुडघे धरत मनोरा चढून सहाही गाद्या बांधल्या. पट्टे तेल लावून मऊ केले. रेजसाठी काही कमी पडू द्यायचं नव्हतं त्याला.

रविवारी सकाळी घंटावाल्यांची प्रमुख जिलियन दोर सोडवताना म्हणाली, "वारा बघितलास, क्लिफ? पश्चिमेचा."

"हो ना! बेरिललाही ऐकू जाईल आज."

"रेजला आवडलं असतं."

"रेज म्हणाला असता, आवाज पुरे, बिअर कुठाय?"

सगळे हसले, मग जिलियनने डोळे पुसले आणि दोर ओढायला सुरुवात झाली. रेजच्या दोरावर शेजारच्या गावची बाई होती. खणखणीत, दबका. खणखणीत, दबका. आपण आज चांगलं काम केलं, असं क्लिफर्डला वाटत होतं. गाडी चालवतानाही त्याला तसंच वाटत होतं.

डोना दारातच उभी होती. "काय झालंय कळत नाही हो. खिडकी उघडली, पाच मिनिटं ऐकलं आणि एकदम म्हणाली, माझा कोट द्या."

बेरिल खिडकीशी बसली होती. गडद निळा कोट, सगळी बटणं लावलेली, पर्स मांडीवर. प्रेतयात्रेला जायचा तिचा तोच कोट. तिने मान वळवली आणि उठून त्याचा हात हातात घेतला, जसा पाहुण्याचा घेतात.

"आलात ते बरं झालं," ती म्हणाली. "माझा नवरा गेला."

"बेरिल, अगं मी आहे, क्लिफ. गेला तो रेज. रेज डॉबल. सोमवारी गेला."

तिने मान हलवली. चिडली नाही. समजूतदारपणे, लहान मुलाला सांगावं तसं तिने सांगितलं, "नाही हो. घंटा अर्ध्या मुक्या होत्या. रेज गेला असता तर क्लिफने मला येऊन सांगितलं असतं. आमचा करवला तो. दुसरं कुणीही गेलं असतं तरी सांगितलं असतं. गावाला माहीत आहे आणि मलाच कुणी सांगितलं नाही. जिला कुणी सांगत नाही, तिचाच माणूस गेलेला असतो."

तर्क अचूक होता. नेदरकोमच्या बाईने नेदरकोमच्या माणसांना बरोबर ओळखलं होतं. मंगळवार आणि गुरुवार, दोन वेळा ओठांवर आलेली बातमी त्याने गिळली होती, आणि गाद्याही त्याच्याच हाताने बांधलेल्या.

ती रडू लागली. आवाज न करता, रुमाल नीट घडी करून. तो तिच्याजवळ बसला आणि त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. स्वतःच्या मरणाबद्दल बायकोचं सांत्वन करायची वेळ कुणावर येऊ नये. थोड्या वेळाने तिचं लक्ष त्याच्या बोटातल्या अंगठीकडे गेलं.

"तुमचंही लग्न झालेलं दिसतं. बायको आहे?"

"आहे."

"मग जा घरी. वाट बघत असेल ती."

त्या आठवड्यात तो रोज गेला. लग्नाचा फोटो नेला. जिलियनला घेऊन गेला, तिने शपथेवर सांगितलं. डोनाने सांगितलं. सकाळचा नाश्ता दुपारपर्यंत विसरणारी बाई हे एवढं मात्र विसरेना. क्लिफर्डला राग आला, चक्क राग. देवाचा, गावाचा, आणि सगळ्यात जास्त आपल्या जिभेचा. शनिवारी तो पुन्हा मनोरा चढला. गाद्या कधीच सोडल्या होत्या, तरी त्याने सहाही लोलक एकेक करून हाताने चाचपले.

रविवारी कोंबड्याची चोच पश्चिमेकडे होती. क्लिफर्डने आयुष्यात ओढला नव्हता असा दोर ओढला. परतीच्या ठोक्याला त्याने रोजच्यासारखाच उशीर केला, मुद्दाम, नेमका तेवढाच. जिलियनने एकदा डोळे वटारले, मग तिला कळलं आणि तिने मान खाली घातली. तो जिना जवळजवळ पळतच उतरला.

खिडकी उघडी होती. बेरिल निळ्या कोटातच बसली होती, पण चेहरा शांत होता. तो दारात उभा राहिला आणि थांबला. वाजवून आलास, एवढंच तिने म्हणायचं होतं.

"या, बसा," ती म्हणाली. "ऐकलंत का? थोरलीवर नवीन माणूस आणलाय."

क्लिफर्ड समोरच्या खुर्चीत बसला. "कसा वाटला?"

"चांगला आहे. परतीच्या ठोक्याला उशीर करतो." तिने कोटाचं बटण चाचपलं. "आमचेही करायचे. कुणी सांगायला नको का त्याला?"

"सांगा ना तुम्ही."

"मी कशाला? त्याची बायको सांगेल."

बाहेर कुणीतरी गवत कापायचं यंत्र सुरू केलं आणि लगेच बंद केलं. हे विचारू नये, हे क्लिफर्डला कळत होतं. तरी त्याने विचारलं.

"मटण टाकलंत ओव्हनमध्ये?"

बेरिलने त्याच्याकडे पाहिलं. भलतंच काहीतरी विचारणाऱ्या, पण मनाने वाईट नसलेल्या परक्या माणसाकडे पाहावं तसं.

"एकटीसाठी कोण ओव्हन पेटवतं हो?" ती म्हणाली.

तो एक वाजेपर्यंत तिथेच बसून राहिला.