वर आले का सगळे?

मी कस्तुराबाई, करमाडची. मेंढरं राखण्यात जल्म गेला. तोंडाची फटकळ हाय, हे गावाला ठावं हाय. म्हणून कोळशाच्या खाणीचा साहेब दारात आला तवा पाणी द्यायच्या आधीच मी त्याला झापलं.

"अंगद परत यायचा नाय! एकुलता एक लेक हाय माझा. जमिनीच्या पोटात घालायला नाय दिला देवानं."

अंगद दोन वर्सं चंद्रपूरकडच्या खाणीत होता. दिवाळीला आला आन् मीच त्याला अडवून ठेवलं. पण मन तिकडंच होतं त्याचं. मला काय दिसत नव्हतं व्हय?

साहेबाचं नाव शंतनू, मूळचा पुंडलिकनगरचा. खाणीसाठी माणसं भरती करायचा. बिचारा ओसरीवर टेकला.

"मावशी, नवी माणसं महिनाभरात पळून जातात. पगार वाढवला, खोल्या दिल्या, तरी टिकत नाहीत. अंगदच्या टोळीतून मात्र एकही गेला नव्हता. तो इकडं आला आणि सहा जण काम सोडून गेले."

"का बरं?"

"पाळी सुटली की तो खाणीच्या तोंडाशी उभा राहायचा. सगळ्यांचे चेहरे कोळशानं काळे. तरी एकेकाच्या गालाला हात लावून नाव घ्यायचा. हजेरी आम्हीही घेतो, पण नंबरानं. शेवटचा माणूस वर आल्याशिवाय हा चहा घ्यायचा नाही."

आमच्यात मेंढरं मोजत नाहीत, नजर लागती. सांजच्याला एकेकीचं तोंड कुरवाळून नाव घ्यायचं. अंगदला हे मीच शिकवलं होतं. डोळे भरून आले माझे, आन् रागबी आला.

"आन् माझा अंगद वर आला का, हे कोण बघतं?"

साहेब म्हणला, "कोणीच नाही, मावशी."

"मग तू बघ. रोज. आन् मला फोन कर. एक दिवस चुकलास तर तिथं येऊन कान धरीन."

अंगद खाणीवर परत गेला. भाकरी बांधताना मी रडले, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी चारला फोन वाजला. "मावशी, अंगद वर आला. माझा हात काळा झालाय बघा."

जीव भांड्यात पडला. पण तोंड गप बसतं व्हय? "एकट्याचं काय सांगतो, मेल्या? बाकीचे?"

साहेब टोळीतल्यांची नावं घ्यायला लागला. हनुमान आला, इंद्रजीत आला. शेवटच्या नावाला अडखळला. तवा मागून माझ्या लेकाचा आवाज आला, "कडुबा, साहेब. तो काय, येतोय."

मी फोन कानाला लावून थांबले, कडुबा वर येईस्तोवर.