सहा वर्षांनी मोठी केलेली मुलगी

पोरं मोबाइल सोडत नाहीत, ही तक्रार आज कोणत्या घरात नाही? दीपमालाला मात्र लेकीचा मोबाइल काढून घेण्याचीही सोय नव्हती. ती धारणीच्या दवाखान्यात परिचारिका. बारा वर्षांची रागिणी शिक्षणासाठी अमरावतीला शकुनमावशीकडे. पंधरा दिवसांतून एकदा, परतवाड्याला गाडी बदलून तिला भेटायला जायचं. एरवी व्हिडिओ कॉल डोंगरात अडकायचा, फोटो तेवढा केव्हा ना केव्हा उतरायचा. ड्यूटी संपली की दीपमाला लेकीचं समाजमाध्यमावरचं खातं पाहायची. रागिणी रोज हसत असायची. दीपमाला फोटोला लाल बदाम पाठवायची आणि वेणी आज कोणी घातली असेल, याचा विचार करत भात टाकायची.

एका शनिवारी रागिणीच्या शाळेत पालकसभा होती, म्हणून दीपमाला अमरावतीला आली होती. चौदा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमं बंद करा, असं निवेदन सरकारला जायचं होतं. वर्गशिक्षिका परवीन मॅडमनी कागद फिरवला. दीपमालानं पहिल्या झटक्यात सही ठोकली.

"करा बंद एकदाचं! पोरी वाया चालल्या."

"कायद्यानं काय होते?" शेजारच्या बाकावरचा मनोज हसला. "आमचे पोट्टे वस्ताद आहेत. चोरून पाहतीन."

"काही पाहतीलही," मॅडम म्हणाल्या. "पण ज्या मुलीला हे नको आहे, तीही आज एकटी पडायच्या भीतीनं सोडत नाही. कायदा तिच्या पाठीशी उभा राहील. फक्त एक लक्षात ठेवा मनोजभाऊ, वय सरकार विचारेल, उत्तर आपण देणार. तेच खोटं दिलं तर?"

सभा संपल्यावर मॅडमनी दीपमालाला बाजूला घेतलं. "ताई, रागिणीच्या खात्यावर वय अठरा आहे. अनोळखी माणसं तिला लिहितात. तिच्या रंगावर, दातांवर. मंगळवारी मधल्या सुट्टीत रडत होती. वय कोणी टाकलं?"

खातं उघडताना वयाची अट आडवी आली होती, तेव्हा जन्मसाल दीपमालानंच मागे नेलं होतं. लेक रोज दिसावी, एवढ्यासाठी!

"मीच," ती म्हणाली.

मावशीच्या घरी रागिणी आरशासमोर बसून फोटो काढत होती. एकसारखे तीस-चाळीस.

"रडली होती म्हणे तू?"

"हो."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुले हसरा फोटो लागते ना." रागिणीनं मान वर केली नाही. "एक दिवस नाही टाकला, तर तू मावशीले फोन करते, काय झालं म्हणून. मंग टाकाच लागते."

अरे देवा! जिला रोज डोळे भरून पाहत होतो, ती आपल्याच समाधानासाठी हसत होती!

दीपमालानं तिला जवळ ओढलं. बऱ्याच वेळानं दोघींनी मिळून खातं बंद करायला घेतलं. शेवटचं बटण दाबण्याआधी रागिणी थांबली.

"मंग तू मले कशी पाहशीन?"

"नाही पाहणार, बाई. आयकीन."

धारणीत पुढचे दिवस कठीण गेले. ड्यूटीनंतर हात आपोआप मोबाइलकडे जाई आणि पाहायला काही नसे. संध्याकाळी सातला मावशीच्या फोनवर बोलायचं ठरलं होतं. चार दिवस "हं", "जेवली", "ठीक आहे" यापुढे गाडी सरकली नाही. पाचव्या दिवशी फोनमध्ये खरखर फार होती.

"आई, आज मले लय रडू आलं," रागिणी म्हणाली.

दीपमालानं भाताखालचा गॅस बंद केला. लेकीचा चेहरा दिसत नव्हता. तो पाहायला जीव तुटत होता. तरी कितीतरी महिन्यांनी ती इतकी जवळ आली होती!

"सांग बाई. पहिल्यापासून सांग."

मित्रहो, कोवळ्या वयासाठी कायदा हवाच, आणि तो लवकर यावा. पण त्याचा पहिला अंमल आपल्या घरात, आपल्या हातून व्हायचा आहे. लेकरू दूर असेल तर जीव ओढ घेणारच. ती ओढ मोठ्यांनी सोसायची असते. तिच्यापायी लेकराचं वय वाढवायचं नसतं.